कडीतला सांधा

नवरा वर्षातले आठ महिने जहाजावर. घरात बोलायला कोणी नाही, म्हणून चष्म्याच्या दुकानात काम करणाऱ्या त्या बाईने आफ्रिकेतला करडा, बोलणारा पोपट पाळायचं ठरवलं. दिराला कळलं आणि त्याने लगेच सूत्रं हातात घेतली.

"माझा दोस्त पिल्लं काढतो, वहिनी. घरचा माणूस आहे."

घरचा माणूस गोड बोलत होता. त्याने समोर सरबत ठेवलं, पोपट मात्र आतल्या खोलीतून आणून दाखवला. पक्षी पिंजऱ्याच्या कोपऱ्यात अंग चोरून बसला होता आणि कोणी जवळ गेलं की गुरगुरत होता.

"याचे आईबाप बघायचेत," ती म्हणाली.

"ते दुसरीकडे असतात. पायातली कडी बघा ना, नंबर आहे. आमच्याकडेच जन्मलाय."

तिने पर्समधून दुकानातलं भिंग काढलं. दोस्ताने हसत हसत पोपटाला फडक्यात धरलं. अशी बंद, बिनसांध्याची कडी पिल्लू दहा-पंधरा दिवसांचं असतानाच पायात सरकवता येते, पंजा वाढला की ती चढत नाही, हे तिने वाचलं होतं. आणि दिवसभर चष्म्याच्या दांड्या डाख देऊन जोडणाऱ्या बाईला सांधा ओळखायला वेळ लागत नाही.

"ही कडी कापून पुन्हा जोडलीय," ती म्हणाली. "वरून कानस मारलीय. हा तुमच्याकडे जन्मलेला नाही. तिकडच्या रानातून धरून चोरून आणलाय."

दोस्ताचं हसू मावळलं. "बाई, पोपट घ्यायला आलात की पंचनामा करायला?"

"वहिनी, पुरे," दीर दातओठ खात म्हणाला. "माझी अब्रू घालवताय तुम्ही."

"तुमची अब्रू याच्या पायात अडकवली होती का, भावजी?"

वनखात्यात तक्रार दिली तर आपला संबंध संपला, असं दिराने घरी परतून गाडीतून उतरताना बजावलं. तिने दुसऱ्याच दिवशी दिली.

दुसरा पत्ता जनावरांच्या डॉक्टरने दिला. "बाई फटकळ आहे," तो म्हणाला, "पण तिचे पक्षी माझ्याकडे क्वचितच येतात."

पोपटांची पिल्लं काढणारी ही दुसरी बाई निवृत्त नर्स होती. दारातच तिने हिला पायताण काढायला लावलं, हात कोपरापर्यंत धुवायला लावले. सरबत सोडा, बस असंही म्हणाली नाही.

"घरी दिवसभर कोण असतं?"

"कोणी नाही. मी सहाला येते."

"मग पोपट कशाला? रेडिओ घ्या."

हिला राग आला. तरी ही तिथून हलली नाही. नर्सने आईबाप दाखवले, त्यांच्या तपासण्यांचे कागद दाखवले. पिल्लू अजून चमच्याने खात होतं.

"आत्ता देणार नाही. स्वतः खायला लागेल तेव्हा बघू. आधी तुमचं घर बघेन."

नर्स खरोखर आली. खिडक्या हलवून पाहिल्या, मग स्वयंपाकघरात शिरून नॉनस्टिक तवा उचलला. "हा तापून धूर सुटला की पक्षी मरतो. फेका."

"सासूबाईंनी दिलाय."

"मग सासूबाईंना पाळा."

हिने तवा शेजारणीला दिला. दुकानाच्या मालकाशी भांडून अर्धं काम घरी आणायची सोय केली. त्याने पगार कापला, पण कबूल झाला.

अडीच महिन्यांनी नर्सने पिल्लू हाती दिलं आणि सही घेतली: सांभाळणं जमलं नाही तर विकायचं नाही, इथेच परत आणायचं. "तुम्ही मला आवडला नाहीत," ती म्हणाली. "पण मी सांगितलेलं ऐकता."

"तुम्हीही मला आवडला नाहीत."

दिराने येणं बंद केलं ते केलंच. नर्सचा फोन मात्र दर पहिल्या तारखेला येतो. ना रामराम, ना खुशाली.

"वजन?"

"चारशे वीस ग्रॅम."

आणि फोन बंद.