येगोरोव्नाचा बटाटा

चूक तुमची आहे. पावसाचं, ट्रॅक्टरचं, नशिबाचं नाव पुढे करू नका. पक्षाच्या जिल्हा कमिटीच्या इमारतीत हिरव्या कापडाच्या टेबलामागे बसून तुम्ही फोन उचललात, एका बाईचं अर्धं आयुष्य मातीत घातलंत आणि वर त्यासाठी लाल निशाण वाटलंत. तुमचं नाव मी लिहीत नाही. लिहून उपयोगही नाही. उद्या त्या खुर्चीत दुसरा कोणी येईल आणि तोच फोन उचलेल.

मी बटाटा संशोधन केंद्राचा भांडारी. कुदळी, पोती, रबरी बूट माझ्या ताब्यात असतात. कपितोलिना येगोरोव्ना शुबिना आमच्याकडची संशोधक. तिला सगळे नुसतं येगोरोव्ना म्हणतात. लग्न केलं नाही, समुद्र पाहिला नाही, सुट्टी घेतली तीही दात काढायला. मेक्सिकोच्या डोंगरातला अक्रोडाएवढा रानटी बटाटा आणि आपला घरचा बटाटा यांचा संकर करत ती बसली. रोपं वाढायची, करपा रोग यायचा, रोपं मरायची. उरलेल्यांचा पुन्हा संकर. पुन्हा करपा. त्या वर्षी ऑगस्टमध्ये सगळं शेत काळं पडलं आणि एका वाफ्यात थोडी झाडं हिरवीगार उभी राहिली. येगोरोव्ना तिथे सूर्यफुलाच्या बिया फोडत उभी होती.

"बघ रे," मला म्हणाली, "काय निर्लज्ज आहेत! सगळं गाव मेलंय आणि ह्या मेल्यांना पत्ताच नाही."

त्या वाणाला नाव नव्हतं. नाव द्यायला मॉस्कोची परवानगी लागते. वाफ्यात एक खुंटी आणि खुंटीवर तिच्या हाताने लिहिलेली पाटी, एवढीच त्याची ओळख.

आणि सप्टेंबरात तुमचा फोन आला. केंद्रातल्या सर्वांनी सरकारी शेतावर बटाटे काढायला जावं.

यात नवीन काही नव्हतं. सप्टेंबरात आपल्याकडे दातांचे डॉक्टर बीट उपटतात, व्हायोलिनवाले कोबी तोडतात. पण बटाट्याच्या शास्त्रज्ञांना स्वतःचे बटाटे जमिनीत सोडून दुसऱ्याचे बटाटे काढायला पाठवणं हे फक्त तुम्हालाच सुचू शकतं.

"आणि आपले?" येगोरोव्नाने संचालकांना विचारलं.

"आपल्याकडे शहरातून मदत येते आहे. भौतिकशास्त्राची संस्था."

"ते कधी वाफ्यात उतरलेत का? मला एकटीला तरी मागे ठेवा."

"येगोरोव्ना, यादीत पहिलं नाव तुझंच आहे. तू आघाडीची कार्यकर्ती ना! नाही पाठवली तर मला वर काय उत्तर द्यावं लागेल ठाऊक आहे?"

"मला काय उत्तर द्याल ते ठरवलंय का?"

संचालकांनी यादीवर सही केली. भला माणूस आहे, पण फोनला घाबरतो.

भौतिकवाल्यांची बस आली तेव्हा आमची निघायची होती. त्यांचा पुढारी आर्सेनी ताराबुकिन, दाढीवाला, गळ्यात गिटार, खिशात प्रयोगशाळेच्या स्पिरिटची बाटली. ते स्पिरिट भिंगं पुसायला मिळतं. त्यांची भिंगं कायम धुळकट असतात. येगोरोव्नाने त्याला हाताला धरून वाफ्यांतून फिरवलं. प्रत्येक खुंटीचं पोतं वेगळं, पाटी पोत्यातच टाकायची, आणि ह्या हिरव्या वाफ्याला तर देवघरासारखं जपायचं.

"काळजी सोडा काकू," आर्सेनी म्हणाला. "आम्ही अणू वेगळे करतो. बटाटे करता येणार नाहीत?"

तो मनापासून म्हणाला. पहिल्या दिवशी त्याने तसं केलंही. दुसऱ्या दिवशी तुमचा माणूस गाडीतून आला, पोती पाहून चिडला. मदतीला आलेल्या पथकाचं काम टनांत मोजलं जातं, हे पोत्यांचं नाटक कसलं? ढीग एकच करा. खुंट्या यंत्राला अडतात, उपटून टाका. बांधलेली पोतीही त्याने त्याच ढिगावर रिकामी करायला लावली.

आम्ही परतलो तेव्हा अंगणात घराएवढा ढीग होता आणि ढिगावर तुमचं निशाण. शेजारी शेकोटी. भौतिकवाले गात होते. आर्सेनी धावत आला, राखेतून काढलेला गरम बटाटा दोन्ही हातांत खेळवत.

"घ्या काकू! मीठ लावून खा. असा भुसभुशीत बटाटा जन्मात खाल्ला नाही!"

"कुठल्या वाफ्यातला?"

"सगळ्याच... ढिगातला."

येगोरोव्नाने शेकोटीकडे पाहिलं. अर्धी जळलेली पाटी होती, त्यावर तिचं अक्षर. खुंट्या चांगल्या वाळल्या होत्या, लगेच पेटल्या असणार. ती उलट्या बादलीवर बसली.

"तुमच्या साहेबांनीच सांगितलं, एकच ढीग करा," आर्सेनी म्हणाला. दाढीवाला माणूस रडायला लागला की बघवत नाही.

"पूस तोंड," ती म्हणाली. "मी अजून मेले नाही. हा ढीग हिवाळाभर तळघरात ठेवायचा. वसंतात सगळाच्या सगळा लावायचा आणि करपा सोडायचा. जे उभे राहतील ते माझे. फक्त ढीग हलता कामा नये."

एवढंच मागितलं तिने. ढीग हलू नये.

पण आर्सेनीला राहवेना. पापाचं प्रायश्चित्त म्हणून त्याने वेगळाच घाट घातला: बटाट्यातून वीज सोडून वाण ओळखणारं यंत्र. त्याने प्रस्ताव पाठवला आणि तुम्ही हरखलात! दोन शास्त्रांचा संगम! जागा दिलीत, तीन मदतनीस दिलेत, टेलिफोन दिलात. आम्ही नव्या छपरासाठी अर्ज करून म्हातारे झालो. ज्या ढिगासाठी यंत्र, तो ढीग मात्र तुम्ही सात नोव्हेंबरच्या क्रांतिदिनाच्या सणाआधी ट्रकमध्ये भरलात.

"आकडा वर कळवलाय," संचालक म्हणाले. "आकडा गेला की मालही द्यावाच लागतो."

"बेणं आहे ते! खायचा माल नाही."

"आकड्यात तसं लिहिलेलं नाही."

ढीग शहराच्या भाजी कोठारात गेला. आर्सेनीच्या यंत्रासाठी बटाटे बाजारातून आणले. यंत्राने ते सगळे एकाच वाणाचे असल्याचं सांगितलं. ते खरंच एकाच वाणाचे होते. तुम्ही त्यालाही बक्षीस दिलंत.

भाजी कोठारात फेब्रुवारीपर्यंत सगळं सडतं. मग संस्थांतून माणसं पाठवतात, सडक्यातून बरे निवडायला. लोक आजारपणाचे दाखले आणून सुटका करून घेतात. येगोरोव्नाने स्वतः होऊन नाव दिलं. तिच्यासाठी बूट मी काढून दिले.

"तुला ताप आहे का?" मी विचारलं.

"डोकं चालव. ओल आहे, करपा आहे, सगळं एकमेकांना चिकटलेलं. त्यातही जो टणक राहिला, तो कोण असेल?"

मीही गेलो. चिखलासारखा बटाटा कोपरापर्यंत, वास असा की माणूस जेवण विसरतो. आणि पलीकडच्या पेटीपाशी आर्सेनी! त्याच्या संस्थेची पाळी होती. बटाटे निवडण्याच्या यंत्रावर प्रबंध लिहिणारा गडी हाताने बटाटे निवडत होता.

"यंत्र नाही आणलंस?" येगोरोव्नाने विचारलं.

"ओल्यात चालत नाही काकू."

ती हसली. ढीग हलल्यापासून पहिल्यांदा. मग आम्ही तिघे शोधायला लागलो. सडक्या लगद्यात बोट घालायचं, टणक काही लागलं की काढायचं, पुसायचं, तिला दाखवायचं. ती बटाट्याचे कोंब फुटायचे डोळे बघायची, साल बघायची, एखादा पिशवीत टाकायची. संध्याकाळपर्यंत जाळीची पिशवी निम्मी भरली.

"सगळे माझे नसतील," ती म्हणाली. "एक असला तरी पुरे."

फाटकावर पहारेकरीण झिनाइदा. तिने पिशवी वर धरली.

"अगं बाई! चांगले चांगले निवडून घेतलेस की!"

"तेच तर काम आहे माझं."

"मग ही चोरी झाली. सडके ने हवे तेवढे, कोण विचारतंय? चांगला माल सरकारचा."

"हा मी केलेला आहे. मी!"

"बटाटा मातीत होतो, माझे राणी. मलाही नोकरी आहे."

आर्सेनी मध्ये पडला, स्वतःचं ओळखपत्र, पदवी, तुमचं बक्षीस सगळं सांगितलं. झिनाइदा म्हणाली, शिकलेले जास्त चोरतात. पोलीस आले. सरकारी मालाच्या चोरीबद्दल येगोरोव्नाला केंद्राच्या सभेत उभं केलं, वाफा काढून घेतला. आता तिथे तुमच्या हुकमाने मका लावायचा आहे. आमच्या थंडीत मका गुडघ्याच्या वर जात नाही, पण आकडा छान येतो.

पिशवीची चौकशी करायला मी स्वतः गेलो. झिनाइदा मनाने वाईट नाही, कुजबुजली, "कमिटीचा ड्रायव्हर घेऊन गेला. साहेबांकडे त्या दिवशी पाहुणे होते."

म्हणजे तुमच्याकडे. भाजले असतील, उकडले असतील, लोणच्याच्या काकडीबरोबर खाल्ले असतील. मला तुमची माफी नको, सभा नको, चौकशी समिती तर मुळीच नको. येगोरोव्ना घरी बसून आहे आणि गोठलेली जमीन वितळायला लागली आहे. बटाट्याच्या सालीला एक डोळा राहिला तरी त्यातून रोप येतं. सालं अजून कुठे तरी बर्फाखाली असतील. तुमच्या स्वयंपाकघरातून ती कुठे टाकली? मागच्या अंगणात, कचऱ्याच्या गाडीत, की डुकरांना?

एवढंच सांगा. आजच सांगा. कुठे टाकली?