एका कटिंगइतका वेळ

माझी लेक एम.एस्सी.च्या प्रवेश परीक्षेचा अभ्यास माझ्या सलूनमध्ये बसून करते, यावरून ओळखीतल्या प्रत्येकाने मला नावं ठेवली. सर्वांत आधी बायकोने ठेवली. जिथे बाप दिवसभर तोंडाचा पट्टा सोडून उभा असतो, तिथे पोरगी काय कपाळ शिकणार, असं तिचं म्हणणं.

पण बसणार कुठे? दुकानाच्या मागे आमची एकच खोली. तिथे बायकोचं शिलाई मशीन, कापडाचे ढीग आणि मापं द्यायला आलेल्या बायका. त्या मापं देऊन जात नाहीत, मापं देऊन बसतात. त्या मानाने दुकान मोकळं होतं. माझ्याकडे खुर्च्या तीन. दोन चालतात. तिसरीचा पंप गेल्यापासून ती वर उचलली जात नाही, तिच्यात गिऱ्हाईक बसलं तर त्याचे केस मला गुडघे टेकून कापावे लागतात. मी कुणापुढे गुडघे टेकत नाही, त्यामुळे ती खुर्ची रिकामीच असायची. लेकीने ती बळकावली.

पोरगी संख्याशास्त्रात पदवीधर. सकाळी कर कार्यालयात कंत्राटी काम, म्हणजे दुसऱ्यांनी लिहिलेले आकडे एका रकान्यातून उचलून दुसऱ्या रकान्यात टाकायचे. दुपारी घरी आली की जेवायचं आणि दिवेलागणीपर्यंत तिसऱ्या खुर्चीत पुस्तक घेऊन बसायचं. क्लास लावू का, असं मी विचारलं होतं. ती म्हणाली, क्लासवाले जे सांगतात ते पुस्तकातही असतं, आणि पुस्तक मध्येच थांबून स्वतःच्या मोठेपणाच्या गोष्टी सांगत नाही. बोलण्यात माझ्यावर गेली आहे. डोकं कुणावर गेलंय याचा आम्ही दोघं नवराबायको अजून शोध घेतोय.

गिऱ्हाइकांनी तिचा अभ्यास अंगावर घेतला. आमच्याकडे जनावरांचे एक डॉक्टर येतात आणि बँकेतले एक कॅशियर येतात. दोघांनाही घरी कुणी विचारत नाही, म्हणून ते केस वाढायची वाटही न बघता येतात. एकदा लेकीने एक कोडं मोठ्याने वाचलं. सहा माणसं गोल टेबलाभोवती बसली आहेत, अ हा ब च्या शेजारी बसत नाही, वगैरे. आता सरळ उत्तर काढायचं की नाही? कॅशियरनी विचारलं, का बसत नाही? मी म्हटलं, सोयरीक मोडली असणार. डॉक्टर म्हणाले, मला तर त्या ड चा संशय येतो, सगळ्यांच्या मध्ये मध्ये तोच आहे. आमची चर्चा रंगात आली तोवर पोरीने उत्तर लिहून पुढचं पानही उलटलं होतं. अशा गदारोळात ती मजेत गणितं सोडवायची. सराव परीक्षांत तिला असे मार्क पडायला लागले की बायकोनेही नावं ठेवणं बंद केलं.

भानगड झाली ती वेळेची. या परीक्षेत प्रत्येक विभागाला ठरावीक वेळ असतो, तो संपला की संगणकाचा पडदा आपोआप बंद. वेळ मोजायला लेकीने माझा टायमर उचलला. प्लास्टिकची कोंबडी आहे, पिळून ठेवली की वेळेवर ओरडते. केसांना रंग लावल्यावर मी ती लावतो. त्या दिवशी डॉक्टरांच्या मिशीला रंग लावला, कोंबडी पिळली आणि दुसऱ्या डोक्याकडे वळलो. लेकीने तीच कोंबडी गणिताच्या विभागासाठी परत पिळली. कोंबडी ओरडली तेव्हा विभाग छान सुटला होता आणि डॉक्टरांची मिशी जांभळ्या वांग्याच्या रंगाची झाली होती. डॉक्टर पुढे कितीतरी दिवस गाई तपासायला रुमाल बांधून जात होते.

मी कोंबडी कुलपात ठेवली. लेकीची त्यामुळे काही अडचण झाली नाही, आणि याचं मला तेव्हा कौतुकच वाटलं. घड्याळ न बघता तिचे विभाग वेळेत सुटत. कसे, ते आम्हाला परीक्षेच्या दिवशी कळलं.

ती परीक्षेला एकटी गेली आणि संध्याकाळी परत येऊन सरळ तिसऱ्या खुर्चीत बसली. मार्क तिथल्या तिथे पडद्यावर दिसतात. सराव परीक्षेत पडायचे त्याच्या जवळपासही नव्हते. मी दुकानाचं शटर अर्धं ओढलं आणि काय झालं ते विचारलं.

"तिथे कुणीच बोलत नाही, बाबा," ती म्हणाली. "वर कानांवर घालायला काहीतरी देतात. आपण गिळलेली थुंकी आपल्यालाच ऐकू येते."

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. कोंबडी गेल्यापासून ती माझ्या कटिंगवर वेळ मोजत होती. तेही मुद्दाम नाही, अंगवळणी पडलं होतं. मी पाणी मारून कात्री हातात घेतली की तिचा विभाग सुरू. कानामागे आलो की निम्मे प्रश्न व्हायला हवेत. मानेवर मशीन फिरलं की अवघड प्रश्न सोडून द्यायचे. आणि मी मेहुण्याच्या बकरीची गोष्ट सांगतो, त्यात बकरी वाहतूक पोलिसाची टोपी खाते, तिथे पोचलो की उत्तरं तपासायची. प्रत्येक गिऱ्हाइकाला मी ही गोष्ट सांगतो. ज्याने ऐकली आहे त्याला तर हमखास सांगतो. टोपी खाऊन झाली की मी टॉवेल झटकतो, आणि तिचा विभाग संपतो.

पडद्याच्या कोपऱ्यात घड्याळ होतं की, मी म्हटलं.

"होतं. माझं लक्षच गेलं नाही. मला वाटत होतं, तुम्ही अजून कात्रीवरच आहात."

मला रडू आलं असतं, पण समोर आरसा होता. आरशात स्वतःला रडताना बघण्याइतका मी धीराचा नाही.

त्या वर्षाच्या प्रवेशासाठी आणखी एकच परीक्षा बाकी होती. त्यातच कर कार्यालयाने तिला कायम करायचं ठरवलं आणि उत्तर मागितलं. एकदा तिकडे सही केली की शिक्षण संपलं, जन्मभर रकाने. ती शांतपणे म्हणाली की या वेळी नाही जमलं तर मी सही करते. तिला ती नोकरी किती नकोशी आहे ते मला ठाऊक होतं. रविवारी संध्याकाळपासून तिचं तोंड पडायचं.

दोष माझ्या जिभेचा, तेव्हा शिक्षाही जिभेलाच. मी दारावर पाटी लावली, 'आत बोलू नये.' पाटीखाली मीच उभा राहिलो. पोरीला शांततेची सवय व्हावी एवढाच हेतू. बायको पाटी बघून म्हणाली, लग्नात मागायला हवं होतं ते आज मिळालं.

आणि दुकानाची दशा झाली. आत येणारा माणूस पाटी वाचायचा, माझं मिटलेलं तोंड बघायचा आणि मागच्या दाराने जाऊन बायकोला हळूच विचारायचा, कोण गेलं? डॉक्टर समोरच्या सलूनमध्ये गेले आणि परत आले. तो कापतो चांगलं, म्हणाले, पण बायकोशी भांडत नाही, मेहुणा नाही, बकरी नाही, त्याच्याशी बोलायचं काय?

खरा घोटाळा कॅशियरच्या डोक्यावर झाला. मी कात्री चालवत होतो, तोंड बंद. ते डोळे मिटून बसले होते, तेही पाटीला मान देऊन गप्प. मी कापतोय, कापतोय, काहीतरी राहिलंय असं वाटतंय, म्हणून अजून कापतोय. शेवटी तिसऱ्या खुर्चीतून आवाज आला, "बाबा, कातडी लागली."

मी भानावर आलो. कॅशियरनी डोळे उघडले, स्वतःला ओळखलं नाही आणि क्षणभर आरशातल्या माणसाला नमस्कार केला. मग डोक्यावरून हात फिरवला. पाटी होती म्हणून मी वाचलो, नाहीतर त्यांनी जे ऐकवलं असतं ते मला पेललं नसतं.

लेक हसता हसता खुर्चीतून खाली घसरली. तिच्या जे ध्यानात आलं ते माझ्या नंतर आलं. कटिंग संपली हे मलाही डोळ्यांनी कळत नव्हतं. बकरीने टोपी खाल्ली की संपली, एवढंच मला माहीत होतं. बाप आणि लेक, दोघांना एकच खोड.

तिने उठून पाटी काढली. कुलपातली कोंबडी मागून घेतली आणि मला म्हणाली की बोला, नेहमीसारखे बोला, फक्त आता मी तुम्हाला मोजणार आहे. मग आठवडाभर ती पुस्तक बाजूला ठेवून माझ्याकडे बघत बसली. कानामागे यायला किती वेळ, मानेवर किती, टोपी कधी. शेवटी तिने निकाल सांगितला की तुमच्यात फरकच पडत नाही, बाबा, टक्कल असो की जंगल, तुमची कटिंग तेवढ्याच वेळात होते. मी खूश व्हावं की वाईट वाटून घ्यावं ते कळेना. टकलाला आणि जंगलाला सारखाच वेळ, म्हणजे उरलेला वेळ मी काय करतो? बोलतो. हे मात्र बायको पहिल्यापासून सांगत होती.

पुढचा सराव असा. तिसरी खुर्ची भिंतीकडे वळवलेली, लेकीच्या कानांत कापूस, तिला मी दिसत नाही आणि ऐकूही येत नाही. मी कटिंग करतोय, ती गणितं करतेय. मी मानेवर आलो की तिने हात वर करायचा, आणि बकरीने टोपी खाल्ली की परत. पहिल्या दिवशी मी अजून कानाशीच होतो आणि तिचा हात वर. मग मानेला हात थोडा उशिरा. मग एका दुपारी मी मशीन मानेला टेकवलं आणि भिंतीकडे तोंड करून बसलेल्या पोरीचा हात शांतपणे वर गेला. डॉक्टर माझ्या हाताखाली एवढे हलले की त्यांच्या मानेवरच्या केसांना पायरी पडली. पुढे मी "आणि बकरीने काय खाल्लं?" म्हटलं आणि हात पुन्हा वर. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, कारण विभाग चालू होता.

परीक्षेला मी सोबत गेलो. फाटकाबाहेर आईबाप उभे होते, कुणी देवाचं नाव घेत होतं, कुणी मोबाइल बघत होतं. आत परीक्षा सुरू व्हायची वेळ झाली तशी मी शेजारच्या एका गृहस्थांना मेहुण्याची ओळख करून दिली. त्यांचा माझ्याशी काही संबंध नव्हता. तरी प्रत्येक विभागाला मी गोष्ट पहिल्यापासून सांगितली. तिसऱ्या वेळी ते म्हणाले की ही बकरी मला माहीत आहे. मी म्हटलं, ऐकून घ्या, आतल्या मुलीसाठी आहे. त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं आणि ऐकून घेतलं. भला माणूस होता.

लेक बाहेर आली ती गर्दीतून वाट काढत. "मनातल्या मनात समोरच्या मुलाची कटिंग केली," ती म्हणाली. "तीनदा. मानेसकट."

आणि मार्क, मी विचारलं. तिने सांगितले. मी त्या अनोळखी गृहस्थांना मिठी मारली, ती का मारली हे मला आजही सांगता येणार नाही.

विद्यापीठ दुसऱ्या शहरात आहे. ती गेली. कर कार्यालयाने तिच्या जागी दुसरं कुणीतरी बसवलं, रकाने चालू आहेत. तिसरी खुर्ची मी पुन्हा आरशाकडे वळवली आणि पंप दुरुस्त करणार असं सगळ्यांना सांगत राहिलो. केला नाही.

पहिले दिवस फार वाईट गेले. गोष्ट सांगताना टोपीपाशी आलो की नजर आपोआप आरशातून तिकडे जायची. इतकी वर्षं मला वाटत होतं, मी गिऱ्हाइकाला गोष्ट सांगतो.

मग एका दुपारी तिचा फोन आला. म्हणाली, इथल्या ग्रंथालयात सुई पडली तरी ऐकू येते, माझं एक पान पुढे सरकत नाही, म्हणून पुस्तक घेऊन खोलीवर आले. कुणी बसलंय का खुर्चीत? कॅशियर बसले होते, केस परत आले होते त्यांचे. मग मला तिसऱ्या खुर्चीत ठेवा, म्हणाली, आणि सुरू करा.

मी फोन खुर्चीत ठेवला, पाणी मारलं, कात्री घेतली. फोनमधून पानं उलटल्याचा आवाज येत होता. कानामागे आलो, मानेवर आलो. बकरीने पोलिसाची टोपी खाल्ली. आता टॉवेल झटकायचा आणि झालं, तिचं वाचन संपणार, फोन बंद होणार. माझा हात टॉवेलकडे गेला आणि मी म्हटलं, टोपी खाल्ल्यावर त्या बकरीने काय केलं माहीत आहे? तिने पोलिसाचा पट्टा खाल्ला.

"पट्टा कधी खाल्ला तिने?" फोनमधून आवाज आला. पण फोन बंद झाला नाही. आणखी एक पान उलटलं.

कॅशियर आरशात बघून घाबरत म्हणाले की अहो, पुरे, केस संपत आले.

"गप्प बसा," मी म्हटलं. "अजून बूट बाकी आहेत."