माळवदावरची माती

सरवदे सरांनी दोन लाकडी डस्टर एकमेकांवर घट्ट दाबले आणि एक पुढे, एक मागे असे रेटायला लागले. डस्टर जागचे हलेनात. सरांचे हात थरथरले, आणि एकदम खट्‌कन डस्टर सरकले. खडूचा धुरळा पहिल्या बाकापर्यंत उडाला.

“खडकात अशी भेग असते, तिला म्हणायचं प्रस्तरभंग. दोन्हीकडचे खडक वर्षानुवर्षं रेटत राहतात, अडकून बसतात. ताण सोसेनासा झाला की सरकतात. त्या हिसक्याच्या लाटा पसरतात, तो भूकंप.”

सातवीतली विनिता उभी राहिली. तिच्या आजोबांची मिठागरं होती. जमिनीचा विषय निघाला की तिला गप्प बसवत नसे. “सर, भेग तर खाली खोल हाय. मंग किल्लारीला मानसं कशी मेली?”

“उद्या सांगतो,” सर म्हणाले.

वर्ग चाटच पडला. घंटा झाली तरी दोन वाक्यं जास्तीची शिकवणारा हा माणूस! पेणकरपाड्याच्या त्या शाळेत त्याने कुठलाच प्रश्न कधी उद्यावर ढकलला नव्हता. उत्तर त्याला पक्कं ठाऊक होतं, आणि तेच तर दुखणं होतं.

गेल्या सप्टेंबरातल्या भूकंपाच्या पहाटे किल्लारीजवळचं त्याचं घर बसलं आणि वडील त्याखाली गेले. उकडतं म्हणून आई अंगणात निजली होती, ती वाचली. घराला माळवद होतं, म्हणजे लाकडी फळ्या आणि वर मातीचा थर. पावसाळ्यात गळू नये म्हणून दर उन्हाळ्यात त्यावर नवी पांढरी माती पसरायची. जुनी काढावी हे कुणाला सुचलं नाही. नोकरीला इकडे आल्यावरही महिपत सरवदे मे महिन्यात गावी जाऊन मातीच्या पाट्या वाहायचा. गाव म्हणायचं, पोरगा असावा तर असा.

आईला त्याने इकडे आणलं खरं, पण तिच्या नजरेला नजर द्यायची त्याची छाती होत नव्हती.

संध्याकाळी त्याची आई कमळाबाई दारात तांदूळ निवडत होत्या. “च्या गार झाला की रे. काय झालं?”

त्याने सांगून टाकलं. “माय, घर मातीच्या वजनानं बसलं. ती माती मी टाकली.”

कमळाबाईंचा हात सुपात थांबला. “ठावं हाय मला. तुझ्या बाला काढला तवा अंगावर त्याच उन्हाळ्यातली माती व्हती. मी वळखली.”

“मग बोलली का नाहीस?”

“काय बोलू? पावसात सारं गाव रातभर गळक्याखाली भांडी मांडायचं. तुझा बा मातुर पाय पसरून झोपायचा. म्हणायचा, पोरानं घर गळू दिलं न्हाई.” त्यांनी सूप बाजूला सारलं. “त्या पोरीला खरं सांग. मास्तर हायस तू.”

महिपत लहान मुलासारखा रडला. त्यांनी त्याला रडू दिलं.

दुसऱ्या दिवशी सरांनी वर्गात उत्तर दिलं. “भूकंप बहुतेक वेळा माणसाला मारत नाही, अंगावर पडणारं घर मारतं. तिकडची छपरं फार जड होती. घर गळू नये म्हणून दरवर्षी त्यावर माती टाकायचे.”

“कोन टाकायचं, सर?” विनिताने विचारलं.

“घरातला मुलगा.”

मुलांनी तेही वहीत उतरवून घेतलं. सर फळ्याकडे वळले नाहीत. शेवटची मान वर येईपर्यंत ते वर्गाकडे तोंड करून उभे राहिले.