दोन बोटांची जागा

मी एक जुना पट्टा आहे. कमरेचा नव्हे हो, कुत्र्याच्या गळ्यातला. मित्रांनो, पट्ट्याला कसली आली आहे भीती, असं तुम्ही म्हणाल. पण माझ्यासारखा भित्रा पट्टा साऱ्या खानदेशात सापडायचा नाही, आणि मी भित्रा का झालो हे ऐकलंत तर तुम्हीही मला हसणार नाही.

माझा जन्म सारंगखेड्याच्या अलीकडं, तापीकाठच्या एका गावातला. तेव्हा इंग्रजांचं राज्य होतं. विहिरीचं पाणी बैल मोटेनं ओढायचे. मोट म्हणजे कातड्याची भली मोठी पिशवी. भिलाआप्पा नावाच्या शेतकऱ्याची मोट फाटली, तेव्हा तिच्यातली एक धड पट्टी चांभारानं कापून घेतली, तिला ओळीनं भोकं पाडली आणि आप्पानं नंदुरबारच्या बाजारातून आणलेलं पितळी बक्कल बसवलं. झालो मी तयार! आप्पाच्या बायकोनं, धनुबाईनं, मला झिपऱ्याच्या गळ्यात बांधलं.

झिपऱ्या म्हणजे त्यांचा कुत्रा. अंगभर केस, मानेवर तर असे दाट की मी त्यात पार बुडून जायचो. नुसतं बक्कल तेवढं चमकायचं. तो खळ्यावर भुईमुगाची राखण करायचा, मी त्याच्याबरोबर. तो भुंकला की माझं सगळं अंग थरथरायचं. तो पाणी प्यायला की प्रत्येक घोट माझ्या खालून सरकायचा. कौतुकही फार व्हायचं आमचं. धनुबाई भाकरीचा पहिला तुकडा झिपऱ्याला टाकायची आणि हाताला उरलेलं तेल मला पुसायची. इतकं सुख मोटेत असताना कधी मिळालं नव्हतं.

मग एका श्रावणात नदीकडून एक पिसाळलेलं कुत्रं गावात आलं. ते एका वासराला चावलं आणि पिकात पसार झालं. सगळ्यांचं धाबं दणाणलं. बायका मुलांना घराबाहेर पाठवेनात. गावात दवंडी फिरली, की ज्या कुत्र्याच्या गळ्यात पट्टा नसेल ते दिसेल तिथं मारलं जाईल. ते काम गावचा राखणदार, जागल्या सुकराम, याच्याकडं आलं. त्याच्या हातात डांग असायची, लांब जाड काठी, टोकाला लोखंडी कडी घातलेली. माणूस वाईट नव्हता बिचारा, पण त्याचीही लेकरं अंगणात खेळत होती.

दवंडी ऐकली आणि मला केवढा अभिमान वाटला म्हणून सांगू! झिपऱ्याचा जीव आता माझ्या हातात होता, म्हणजे बक्कलात.

आणि मग आला पोळा. आमच्याकडं पोळ्याला बैलाच्या खांद्यावर जू ठेवत नाहीत, त्याला काठी लावत नाहीत. धनुबाईनं बैल धुतले, शिंगं रंगवली, गोंडे बांधले. खापरावरचे मांडे केले, अर्धा मांडा झिपऱ्यालाही घातला. मग तिला त्याची माया आली.

“आज पोळा शे,” ती म्हणाली. “बैलना खांदावर जू नही, मंग मन्हा झिपऱ्याना गयामा पट्टा कसाले?”

तिनं मला काढलं आणि गोठ्यातल्या खुंटीला अडकवलं. आजच्या दिवशी जनावरावर कोण हात उचलणार, असं तिला वाटलं. अहो, पण पोळा बैलांचा! कुत्र्याला कोण विचारतो?

बैल वाजतगाजत वेशीकडं निघाले आणि त्यांच्यामागं झिपऱ्याही धावला, उघड्या गळ्यानं. ओरडावं तर तोंड नाही, धावावं तर पाय नाहीत. बाहेर ढोल वाजत होते. थोड्या वेळानं ढोल थांबले आणि माणसांचा गलका ऐकू आला, “हान! हान!” मी खुंटीवर लोंबकळत होतो. दुसरं करणार काय?

तेवढ्यात धनुबाई गोठ्यात शिरली. डोक्यावरचा पदर घसरलेला. तिनं मला ओरबाडून घेतलं आणि अनवाणी पळत सुटली. वेशीपाशी झिपऱ्या मारुतीच्या पाराला टेकून उभा होता, शेपूट पायांत घालून. सुकरामची डांग वर गेलेली होती.

“मन्हा शे तो! मन्हा शे!” धनुबाई ओरडली आणि मध्ये पडली. डांग पारावर आदळली. धनुबाईनं मला झिपऱ्याच्या गळ्यात घातलं. त्याचं काळीज इतकं धडधडत होतं की ते गळ्यापर्यंत जाणवत होतं.

जीव वाचला खरा, पण गावाचे पाटील म्हणाले, “इतका वेळ हे मोकळं होतं. ते येडं कुत्रं याला चावलं नाही कशावरून?” कोणाला सांगता येईना. ठरलं असं, की सर्वपित्री अमावास्येपर्यंत झिपऱ्याला बांधून ठेवायचं. पिसाळल्याचं जरासं लक्षण दिसलं, तरी सुकरामला बोलवायचं.

दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. धनुबाईनं झिपऱ्याला निंबाला साखळीनं बांधलं आणि मला ओढून शेवटच्या भोकात अडकवलं. “आते कसा निंघस ते दखू,” ती मला म्हणाली. मला बरंच वाटलं. मीही जीव मुठीत धरून त्याला धरून बसलो.

पिसाळलेल्या कुत्र्याला पाणी गिळता येत नाही, हे मी माणसांच्या तोंडून ऐकलं होतं. त्यामुळं झिपऱ्या पाण्याला तोंड लावायचा तेव्हा मी घोटाची वाट बघत राहायचो. घोट खाली सरकला की जीवात जीव यायचा. गेला बाबा! आजचा दिवस गेला. पुन्हा दुसऱ्या दिवशी तीच धास्ती.

भादव्यात पावसाची झड लागली. निंबाखाली मी भिजून चिंब झालो. मग पाऊस उघडला आणि असं ऊन तापलं की अंगणातला चिखल तडकला. आणि त्या उन्हात एका सकाळी झिपऱ्याचा घोट अडला.

पाणी तोंडात गेलं आणि बाहेर आलं. तो खोकला. त्याचा आवाज घोगरा झाला होता. दुपारपर्यंत त्याच्या तोंडातून लाळ गळू लागली. देवा रे! मला वाटलं, संपलं. पिसाळला आपला झिपऱ्या. तो पुन्हा गिळायला गेला, त्याचा गळा फुगला आणि माझ्यावर दाबला गेला. तेव्हा मला कळलं.

मित्रांनो, तो पिसाळला नव्हता. कातडं भिजून कडक उन्हात वाळलं की आकसतं. मी आकसलो होतो. शेवटच्या भोकात आधीच घट्ट होतो, आता फास झालो होतो. वरून केस इतके दाट की कोणाला काही दिसेना. ज्याला मी जपत होतो, त्याचा गळा मीच आवळत होतो. आणि मला सैल होता येत नव्हतं! त्या क्षणी मला जी भीती वाटली, तिच्यापुढं खुंटीवरची भीती काहीच नव्हती.

भिलाआप्पानं लाळ पाहिली. त्याचे डोळे भरले, पण तो सुकरामला घेऊन आला. शेजारीपाजारी कुडाआड उभे राहिले. सुकरामनं डांग सरसावली.

“माय, दूर हो,” तो धनुबाईला म्हणाला. “येडं व्हयेल शे ते.”

धनुबाई हलेना. ती झिपऱ्याकडं बघत होती. त्यानं तिला पाहून शेपूट हलवली आणि पाण्याच्या परातीत आपणहून तोंड घातलं. पाणी बाहेर आलं. त्यानं पुन्हा घातलं.

“येडं कुत्रं पानीपासून पळस,” ती म्हणाली. “हाऊ त पानीकडेच जाई ऱ्हायना!”

“हात नको लावू तेले!” आप्पा ओरडला.

तोवर तिनं हात घातलाही होता. तिची बोटं केसांत शिरली आणि मला लागली. तिनं एक बोट माझ्याखाली घालून पाहिलं. जाईना. करंगळी घातली. तीही जाईना.

“अरे देवा,” ती एवढंच म्हणाली. रोग रेड्याला आणि औषध पखालीला म्हणतात ना? इथं रोग कातड्याला होता आणि डांग कुत्र्यावर उगारलेली.

बक्कल कातड्यात रुतून बसलं होतं, निघेना. तिनं विळा मागितला. आप्पानं झिपऱ्याचं डोकं धरलं. विळ्याचं पातं माझ्यावर फिरायला लागलं तेव्हा मला वाटलं, लवकर काप, बाई, लवकर! मी तुटलो आणि धुळीत पडलो.

झिपऱ्यानं परातीत तोंड घातलं. आजवर त्याचा प्रत्येक घोट मला जाणवला होता. तो मी त्या दिवशी पहिल्यांदा दुरून ऐकला. लप् लप् लप्. सुकरामनं डांग भिंतीला टेकवली आणि खाली बसून डोळे पुसले. धनुबाई रडत होती आणि मला शिव्या देत होती. माझं काही म्हणणं नव्हतं.

अमावास्या झाली, झिपऱ्या धडधाकट राहिला. मग त्याच्या गळ्यात नवा पट्टा आला. धनुबाई रोज सकाळी त्या पट्ट्याखाली दोन बोटं घालायची, ती सहज फिरली तरच झिपऱ्याला भाकर टाकायची.

मित्रांनो, लाळ गळणाऱ्या कुत्र्याच्या तोंडाजवळ धनुबाईसारखा हात घालू नका, जाणत्या माणसाला बोलवा. पण कुत्रा पाळाल, तर मायेनं त्याला वाऱ्यावर सोडू नका आणि भीतीनं त्याला आवळूही नका. पट्टा घट्ट झाला हे त्याला सांगता येत नाही. मलाही सांगता आलं नाही. म्हणून रोज त्याच्या केसांत हात घाला आणि तुमची दोन बोटं आत जातात का ते बघा.