हयात साक्षीदार

चष्म्याच्या दुकानाच्या मागच्या खोलीत ती काचा घासायची. पुढे मालक डोळे तपासायचा, गिऱ्हाइकांशी गोड बोलायचा. मागे तिच्याकडे फक्त नंबराची चिठ्ठी आणि फ्रेम यायची. काच चाकावर धरायची, कड उतरवायची, फ्रेममध्ये बसते का बघायची, नाही बसली तर पुन्हा चाकावर. दिवसभर चाकाची घरघर आणि पाण्याची बारीक धार. कुणाशी बोलायची वेळच येत नसे, आणि अलीकडे तिला ते बरं वाटायला लागलं होतं.

नवरा गेल्यावर तिनं जुनं घर सोडलं. दोन खोल्यांचंच होतं, पण एकटीला खायला उठायचं. दुकानापासून चालत जाता येईल अशी एक खोली तिनं भाड्यानं घेतली. खिडकीतून समोरच्या इमारतीचा जिना दिसायचा. कोण कधी चढतं, कोण दम खायला मध्येच थांबतं, हे तिला पाठ झालं होतं. नाव एकाचंही माहीत नव्हतं.

निवडणूक जाहीर झाली तेव्हा तिला नवऱ्याची फार आठवण आली. दोघं दर वेळी बरोबर मतदानाला जायचे आणि एकमेकांच्या विरुद्ध मत द्यायचे. रांगेतसुद्धा कुजबुजत वाद चालायचा. परत येताना तो म्हणायचा, "झालं. तुझ्यातून माझं वजा. घरी लोळत पडलो असतो तरी तेच झालं असतं." पण घरी लोळत पडले नाहीत कधी. यंदा तिचं मत वजा करायला कुणी नव्हतं. त्या विचारानं तिला भरून आलं, आणि दुसऱ्याच दिवशी अर्धी सुट्टी टाकून ती नव्या पत्त्यावर नाव नोंदवायला गेली.

खिडकीमागे एक कारकून बाई होती. सर्दीनं बेजार झालेली, पण बोलायला बरी. तिनं कागद चाळले आणि म्हणाली, "नवीन विभागात नाव नव्यानं घालावं लागतं. आणि आता नियम असा आहे की नव्यानं घालताना नागरिक असल्याचा पुरावा लागतो."

"मी आजवर एकही निवडणूक चुकवलेली नाही."

"दिसतंय मला इथं. पण तो पुरावा धरत नाहीत. जन्मदाखला?"

"घरीच जन्मले. वडील उद्या नोंदवू, परवा नोंदवू म्हणत राहिले."

"पासपोर्ट?"

"कुठं जायचंच नव्हतं, तर काढू कशाला?"

"शाळेचा दाखला?"

तो तिनं आणला होता. त्यात जन्मतारीख होती, पण जन्मस्थळापुढे नुसती रेघ ओढलेली होती. कारकून बाईनं त्या रेघेकडे जरा वेळ पाहिलं आणि रुमालानं नाक पुसलं.

"मग एकच वाट आहे. तुमच्या जन्माच्या वेळी हजर असलेली आणि आज हयात असलेली एखादी व्यक्ती. तिनं इथं येऊन शपथेवर सांगायचं."

"मी होते की हजर."

"तुम्ही चालत नाही," कारकून बाई म्हणाली, आणि दोघी थोड्या हसल्या.

रात्रीचा स्वयंपाक करताना ती एकेकाला आठवत राहिली. आई, वडील. ती जन्मली तेव्हा आलेली सुईण तर तिच्या लहानपणीच वारली. शेजारच्या काकू गेल्या, आत्या मागल्या हिवाळ्यात गेली. आपण जन्मलो हे बघितलेलं माणूस एकेक करत संपत गेलं आणि आपल्याला पत्ताही लागला नाही, याचं तिला नवल वाटलं. राहता राहिला दादा.

दादाशी तिचं बोलणं बंद होतं. भांडण असं झालंच नव्हतं. आई त्याच्याकडे असायची. आई आजारी पडली, महिनाभर अंथरुणाला खिळली आणि गेली, आणि यातलं काहीही त्यानं बहिणीला कळवलं नाही. तिला समजलं ते सगळं आटोपल्यावर, बाजारात भेटलेल्या एका ओळखीच्या बाईकडून. त्या बाईला वाटलं हिला माहीतच असणार, म्हणून ती सांत्वन करायला लागली. हातात पिशवी धरून ती ते ऐकत उभी राहिली आणि "हो, हो" म्हणाली. त्यानंतर ती दादाच्या घरी गेली नाही. तोही आला नाही. तिचा नवरा वारला तेव्हा वहिनीचा फोन आला होता. दादानं फोन घेतला नव्हता.

चार दिवस ती टाळत राहिली. मग रविवारी बसनं शहराच्या त्या टोकाला गेली.

वहिनीनं दार उघडलं आणि आधी ओळखलंच नाही. मग म्हणाली, "वन्सं? या, आत या. बाहेर का उभ्या?"

"दादा आहे?"

"आहेत की. कुठं जातात आता. मोठ्यानं बोला हं, ऐकू कमी येतं. मशीन आणलंय, पण लावत नाहीत. कानात मुंग्या आल्यासारखं होतं म्हणतात."

दादा आयुष्यभर लिफ्ट दुरुस्त करायचा. आता मागच्या गॅलरीत बसून पंख्याचं काहीतरी खोलून बसला होता. केस पार पांढरे झालेले. त्यानं मान वर केली, तिला पाहिलं, आणि हातातला स्क्रू कुठं ठेवावा हे न सुचल्यासारखा तो तसाच धरून राहिला.

तिनं बसायच्या आधीच सांगून टाकलं. मतदानाचं नाव, नियम, साक्षीदार. वहिनीसमोर हे असं ओरडून सांगताना तिला लाज वाटत होती. इतक्या वर्षांनी आले ती कामापुरती, हे तिचं तिलाच ऐकू येत होतं.

त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "कधी यायचं?"

एवढंच. चहा घेतला, वहिनीनं तब्येतीची चौकशी केली, आणि ती निघाली.

ठरलेल्या सकाळी तो तिच्याआधी येऊन बसला होता. इस्त्रीचा शर्ट, आणि कानात मशीन. खिडकीपाशी उभ्यानं सही करून ती त्याच्या शेजारी एक जागा सोडून बसली आणि मधल्या जागेवर पर्स ठेवली. नंबर येईपर्यंत दोघं समोरच्या भिंतीवरच्या सूचना वाचत राहिले.

आत तीच कारकून बाई होती. तिनं दादाकडून शपथ म्हणून घेतली आणि विचारलं, "यांचा जन्म कुठं झाला?"

"आता पाण्याची टाकी आहे ना, तिथं. तेव्हा टाकी नव्हती. आमची खोली होती."

"तुम्ही तिथं होता?"

"मी सात वर्षांचा होतो. वडील कामावर गेलेले. आईनं मला सुईणीला बोलवायला पिटाळलं. तिचं घर मला धड माहीत नव्हतं, दोन चुकीची दारं वाजवली. सुईण आली. मला म्हणाली बाहेर बस. मी दाराबाहेर बसलो. मग तिनंच आत बोलावलं. आई बेशुद्ध पडली होती, सुईणीला दोन्ही हात आईपाशी हवे होते. तिनं हिला वडिलांच्या सदऱ्यात गुंडाळलं आणि माझ्या मांडीवर दिलं. म्हणाली, धर आणि हलू नकोस."

कारकून बाई लिहायची थांबली होती.

"मी हललो नाही. बराच वेळ. मला लघवीला लागली होती, तरी नाही हललो." त्याला हसू आलं, पण बहिणीकडे त्यानं पाहिलं नाही. "आई शुद्धीवर आली तेव्हा तिनं विचारलं, काय आहे रे? मी सांगितलं, मुलगी आहे, आणि जड आहे. आईच्या आधी मी पाहिलंय हिला."

तिनं हे कधीच ऐकलं नव्हतं. आई तिच्या जन्माविषयी विचारलं की "फार त्रास दिलास" एवढंच म्हणायची आणि कामाला लागायची. तिनं पर्सचा पट्टा घट्ट धरला.

"आणि ती मुलगी म्हणजे याच, हे कशावरून?" कारकून बाई जरा ओशाळूनच म्हणाली. "विचारावं लागतं. भेटीगाठी असतात का तुमच्या?"

खोटं बोलला असता तर सोपं गेलं असतं. तो म्हणाला, "नाही. आईनंतर नाही." मग म्हणाला, "मगाशी खिडकीपाशी सही करायला उभी होती, तेव्हा एका पायाची टाच दुसऱ्या पोटरीवर घासत होती. उभी राहायला शिकली तेव्हापासून अशीच उभी राहते. आई ओरडायची, पडशील म्हणून."

"हे लिहिता यायचं नाही," कारकून बाई म्हणाली. "ओळख पटली, असं लिहिते."

बाहेर पडल्यावर दादा कोपऱ्यावरच्या टपरीकडे वळला, म्हणून तीही वळली. दोघांनी उभ्यानंच चहा घेतला. गाड्यांच्या आवाजात त्याला कितपत ऐकू येतंय कळत नव्हतं. तिनं त्याच्या मशीन लावलेल्या कानाच्या बाजूला जाऊन विचारलं, "मला का नाही कळवलंस?"

त्यानं कशाबद्दल म्हणून विचारलं नाही. "आई नको म्हणाली. फार वाळली होती. तोंड वाकडं झालं होतं. तुला ते दिसायला नको होतं तिला. माझ्याकडून वचन घेतलं."

"आणि नंतर? ती गेल्यावर तरी सांगायचंस."

"तू काही विचारलंच नाहीस. मला वाटलं, तुला ऐकायचंच नाही."

"विचारायचं होतं होय मी?"

त्यानं उरलेला चहा संपवला. वचनाचं खरं असेल, असं तिला वाटलं. आई तशी होतीच. आणि नसेलही खरं. आता ते सांगणारं दुसरं कुणी उरलं नव्हतं. तिनं रिकामा कप टपरीवर ठेवला.

"वहिनीला सांग, येईन म्हणून," ती म्हणाली. कधी ते तिनं सांगितलं नाही, त्यानंही विचारलं नाही. त्याची बस आधी आली. चढताना त्यानं दांडा दोन्ही हातांनी धरला, आणि तो किती म्हातारा झाला आहे हे तिला तेव्हा दिसलं.

यादीत तिचं नाव आलं. मतदानाच्या दिवशी ती संध्याकाळी गेली. एका शाळेचा वर्ग होता, रांग जवळजवळ नव्हतीच. पुढे एक जोडपं एकमेकांना कोपरानं ढोसत उभं होतं. आत जाऊन आडोशाला उभी राहिल्यावर क्षणभर तिला वाटलं, नवऱ्याच्याच पक्षाला द्यावं, त्याची आठवण म्हणून. मग तिनं दर वेळी द्यायची तिथंच दिलं. तो असता तर त्यालाही हेच आवडलं असतं; वाद घालायला काहीतरी लागायचंच त्याला.

घरी येऊन तिनं चप्पल काढली आणि दादाला फोन लावला.

"दिलं मत," ती मोठ्यानं म्हणाली.

"बरं झालं. गर्दी होती?"

"नव्हती."

"आम्ही सकाळीच जाऊन आलो. हिचा गुडघा दुखतो ना, मग उन्हाचं नको."

"हो. बरं केलंत."

त्याच्याकडे मागे भांड्यांचा आवाज येत होता, वहिनी कुणाशी तरी बोलत होती.

"ठेवू का?" त्यानं विचारलं.

"ठेव."

फोन बंद झाला. समोरच्या जिन्यात दम खायला थांबणारा माणूस आज मध्येच पायरीवर टेकला होता. ती थोडा वेळ खिडकीशी उभी राहून त्याच्याकडे पाहत होती. तो उठून वर गेला, तशी तिनं दिवा लावला आणि विळी पुढे ओढून एकटीपुरती भाजी चिरायला घेतली.