छान म्हणायचं नाही

ॲव्हरिलनं शिपायाला चिमटीत धरलं, भिंगाच्या दिव्याखाली आणलं आणि त्याच्या गालावर ओघळलेला डावा डोळा कातडीच्या रंगानं झाकून टाकला. रंग सुकेपर्यंत फुंकर घातली. मग श्वास रोखून, जिथं डोळा असायला हवा तिथं काळा ठिपका ठेवला. शिपाई शिसाचा, अंगठ्याएवढा. तोंड वाटाण्याहून लहान. त्यात डोळे, नाक, ओठ, सगळं मावायला हवं.

शेजारच्या खोलीत तिचा नवरा सेल्विन घोरत होता. जेवणानंतरची गोळी त्याला तासभर आडवा पाडायची, आणि त्या तासात त्याच्या सकाळच्या शिपायांची तोंडं नीट करायची, हे ॲव्हरिलचं काम. तिला ते कुणी सांगितलं नव्हतं आणि तिनंही कुणाला सांगितलं नव्हतं.

सेल्विन ऑर्मरॉड म्हणजे आमच्या खोऱ्यातल्या बस डेपोचा जुना मिस्त्री. इंजिन आवाजावरून ओळखायचा. फावल्या वेळात शिपाई रंगवायचा, दोनशे वर्षांपूर्वीच्या लढायांतले, लाल कोटांचे. गेल्या दोन वर्षांत त्याचे हात थरथरायला लागले होते. तरी कोट, पट्टे, बंदुका तो कसेबसे करायचा. मनगट टेबलाच्या कडेला दाबायचं, वाट बघायची, थरथर जरा ओसरली की एक रेघ ओढून घ्यायची. असा सकाळभर बसायचा. तोंडं मात्र त्याच्या हातची गेली होती.

कामगार क्लबाच्या वरच्या खोलीत ही शिपाईवाली मंडळी जमतात. दर हिवाळ्यात त्यांची पैज लागते, मैत्रीची. जोड्या पाडायच्या, एकानं एका बाजूची पलटण रंगवायची, दुसऱ्यानं दुसऱ्या बाजूची. फेब्रुवारीच्या शेवटच्या रविवारपर्यंत ज्याची पुरी होणार नाही, त्यानं वर्षभर सगळ्यांना चहा करून घालायचा. सेल्विनचा जोडीदार लेनी हॉवर्थ. डेपोतलाच ड्रायव्हर, निळ्या कोटांचा. दर गुरुवारी मटणाची पाई, जाड पारीत मटण भरून भाजलेली, घेऊन यायचा, सेल्विनच्या नव्या शिपायांचा फोटो काढायचा आणि क्लबातल्या सगळ्यांच्या फोनवर पाठवायचा.

ह्या मंडळींची एक रीत आहे. तिथं कुणी कुणाचं कौतुक करत नाही. तुमचा शिपाई चांगला उतरला असेल तर चारजण चष्मे पुसून त्याच्यावर तुटून पडतात. कॉलर एवढी पिवळी नव्हती, बटणं जोडीजोडीनं हवीत, बूट इतके चकचकीत कशाला, लग्नाला निघालाय का? असं बोलले की समजायचं, आपल्याला मानतात. ‘छान’ हा शब्द फक्त नवख्यासाठी. नाहीतर ज्याचं आता संपलं त्याच्यासाठी.

पैजेच्या पहिल्याच गुरुवारी लेनी आला, शिपाई बघितले, आणि त्याच्या तोंडून निघून गेलं,

“छान आहेत.”

सेल्विननं भिंग ओढून घेतलं. एकेक शिपाई उचलून बघितला. कुणाचा डोळा कानाजवळ, कुणाचं तोंड हनुवटीच्या खाली. त्यानं ते ओळीनं परत ठेवले आणि दिवा बंद केला. त्यानंतर बरेच दिवस त्यानं दाढी केली नाही. हीटरकडे तोंड करून बसायचा. ॲव्हरिल जेवायला बोलवायची तर म्हणायचा, तुझं होऊ दे.

एका दुपारी तो झोपलेला असताना तिनं ब्रश उचलला. आयुष्यात कधी रंगाला हात लावला नव्हता. पण पस्तीस वर्षं बायकांचे कोट शिवणाऱ्या कारखान्यात सुई ओवलेली, हात दगडासारखा स्थिर. तिनं एकाचे डोळे सरळ केले. मग दुसऱ्याचे. सेल्विन उठला, टेबलापाशी येऊन बसला, भिंगातून बघितलं. खूप वेळ बघत राहिला. मग म्हणाला,

“वाळल्यावर डोळे जागेवर बसतात की गं.”

आणि दाढी करायला गेला.

त्या दिवसापासून ती अडकली.

रंगवणारे लोक सगळ्या पलटणीला एकच तोंड देतात. आधी कातडीचा रंग, मग पातळ तपकिरी, मग नाकावर उजळ ठिपका, चला पुढचा. ॲव्हरिलला हे ठाऊक नव्हतं. तिला ठाऊक होती ती समोरच्या मशीनवरची तोंडं. म्हणून तिनं तीच दिली. पहिल्या ओळीत मुकादमीण एडा क्रॅबट्री, गाल आत गेलेली. तिच्या बाजूला इस्त्रीवरची नेली, लाल नाकाची. कापायच्या टेबलावरची विनी, जी बोलताना एक डोळा मिटायची. ह्या सगळ्या मेलेल्या. त्या संपल्यावर ती जिवंत बायकांवर आली. सार्जंटपाशी अडली, तेव्हा त्याला सासूबाईंचं तोंड दिलं. ओठ आवळलेले, एक भुवई वर. कल्ल्यांसकट शोभलं.

बहिणीचा, ग्लेनिसचा, मोरकमहून दर रविवारी फोन यायचा. समोरची खोली तुझ्यासाठी झाडून ठेवलीय, खिडकीतून समुद्र दिसतो, तू येणार कधी? शरद ऋतूपासून विचारत होती. ॲव्हरिल म्हणायची, फेब्रुवारी संपू दे. ग्लेनिस म्हणायची, अगं, आठवडाभर एखादी नर्स ठेव. नर्स यायला तयार होती. लेनी सोफ्यावर झोपायला तयार होता. सगळ्याची सोय होती. पण गुरुवारी तोंडं कोण करणार, हे ती कुणाला विचारणार? जी गोष्ट होतच नाही असं सगळ्यांना वाटतंय, तिच्यातून सुट्टी कशी मागायची?

दुपारचा तो तास आला की स्वयंपाकघरात जाऊन ती कपभर चहाही करायची नाही. खिडकीबाहेर मागच्या घराची भिंत. कोपऱ्यावरून बस गेली की आवाज यायचा, आणि ब्रश न उचलता ती तो आवाज संपेपर्यंत ऐकायची. समुद्र बघून तिला सहा वर्षं झाली होती.

फेब्रुवारीच्या शेवटच्या गुरुवारी पलटण पुरी झाली. सकाळीच ॲव्हरिलनं कपाटावरची बॅग काढून धूळ पुसली आणि पलंगाखाली सरकवून ठेवली. लेनी पाई घेऊन आला. सगळी पलटण टेबलावर ओळीनं उभी केली, फोटो काढले. मग दोघं मित्र एकमेकांवर तुटून पडले. लेनी म्हणाला, ढोलवाल्याचा कोट उलट्या रंगाचा हवा होता, तुला एवढंही माहीत नाही. सेल्विन म्हणाला, तुझे निळे तर शाईत पडल्यासारखे दिसतात, चहाला तूच उभा राहणार. ॲव्हरिल पाई कापत होती. तिला बरं वाटत होतं.

तेवढ्यात लेनी म्हणाला,

“आता घोडेस्वार. मी क्लबात सांगून टाकलंय. मेअखेरपर्यंत. घेतोस?”

सेल्विनचा चेहरा असा उजळला, जसा डेपोत कुणी बंद पडलेली गाडी आणून लावली की उजळायचा.

“घेतो,” तो म्हणाला.

ॲव्हरिलची सुरी पाईच्या मधोमध थांबली. मग तिनं उरलेला तुकडा कापला, ताटलीत ठेवला, आणि ताटली सेल्विनपुढे सरकवली.

लेनीला सोडायला ती दारापर्यंत गेली. त्यानं टोपी घातली, पण पाय निघेना.

“ॲव्हरिल पोरी, पहिल्या ओळीत एडा क्रॅबट्री आहे ना? आणि नेली?”

तिनं दार मागं ओढून घेतलं.

तो म्हणाला, तुमच्या कारखान्याची बस मी चालवायचो, विसरलीस का? रोज सकाळी ती तोंडं आरशात बघितलीत. नाताळातच ओळखलं मी. क्लबात सगळे विचारतात, सेल्विनला अशी तोंडं कधीपासून यायला लागली. मी म्हणतो, म्हातारपणी हात सुधारला त्याचा. मग लेनी जरा खुशीत आला. आवाज खाली घेऊन म्हणाला,

“मला वाटलं, चार भिंतींत असते बिचारी, निदान एवढा तरी विरंगुळा मिळालाय तिला. म्हणून तर घोडेस्वार मागून घेतले.”

ॲव्हरिलनं दाराची मूठ धरली होती. ती तिनं एकदा फिरवली, परत सोडली.

“लेनी,” ती म्हणाली, “मला समुद्र बघायचा होता.”

लेनीला कळायला वेळ लागला. कळलं तेव्हा त्यानं टोपी काढली, हातात गोल फिरवली, आणि पुन्हा घातली. काहीतरी म्हणायला तोंड उघडलं, पण ती दार लावून आत गेली होती.

आत सेल्विन दिव्याखाली बसला होता. पाई तशीच होती. त्यानं सार्जंट हातात घेतला होता आणि हात थरथरत असल्यामुळं सार्जंट मान हलवतोय असं दिसत होतं.

“दारं पातळ आहेत आपल्या घराची,” तो म्हणाला.

ती खुर्चीत बसली.

“कारखान्यातल्या बायका मला नाही ओळखू येत. पण ही आई आहे,” तो म्हणाला. “पगाराच्या दिवशी मी क्लबातून उशिरा आलो की अशीच बघायची.”

“कधी कळलं तुला?”

“पहिल्या दिवशी. वाळल्यावर डोळा जागचा हलत नाही, ॲव्हरिल. चाळीस वर्षं रंगवतोय मी.”

“मग बोलला का नाहीस?”

सेल्विननं सार्जंट खाली ठेवायचा प्रयत्न केला. तो आडवा पडला. त्यानं परत उभा केला, परत पडला. ॲव्हरिलनं हात पुढे केला नाही. तिसऱ्यांदा उभा राहिला.

“बोललो असतो तर तू ब्रश खाली ठेवला असतास,” तो म्हणाला.

बाहेर कोपऱ्यावरून बस गेली. दोघांनी ऐकली. आवाज पार संपला तेव्हा ॲव्हरिल उठली. ब्रशचा पेला नळाखाली धुतला. बारीक ब्रश, जो गेले चार महिने तिच्या हातात होता, त्याचं टोक ओठांनी सरळ केलं आणि सेल्विनच्या उजव्या हाताशी ठेवला. मग पलंगाखालची बॅग बाहेर ओढली आणि त्याच्यासमोर भरायला घेतली. तो बघत राहिला. लोकरीचा जाड स्वेटर राहिला तेव्हा म्हणाला, तो घे, तिकडे वारा असतो.

शनिवारी लेनी त्याची उशी घेऊन आला. नर्स कधी येणार, गोळ्या कुठल्या डब्यात, सगळं ॲव्हरिलनं त्याला दोनदा सांगितलं. सेल्विन टेबलापाशी होता, पहिल्या घोड्यावर तपकिरी रंग फासत. तिनं सार्जंटला उचललं आणि गोळ्यांच्या डब्याशेजारी, सेल्विनकडे तोंड करून उभं केलं.

“लक्ष ठेवा सासूबाई,” ती म्हणाली.

सेल्विन हसला नाही. पण त्यानं रंगाची वाटी जरा बाजूला घेतली, सार्जंटला धक्का लागू नये म्हणून.

दारात तिनं लेनीची बाही धरली.

“गुरुवारी फोटो काढशील ना?”

“काढीन.”

“जसे असतील तसे. आणि लेनी, छान म्हणायचं नाही.”

मोरकमला ग्लेनिसनं तिला बसवून खायला घातलं, चार दिवस कपही धुवू दिला नाही. खोलीची खिडकी खरंच समुद्राकडे होती. गुरुवारी दुपारी, नेहमीच्या त्या तासाला, ॲव्हरिल चहा घेऊन तिथं बसली. हात मांडीवर होते. त्यांचं काय करावं ते तिला कळत नव्हतं. मग फोन वाजला.

लेनीनं फोटो पाठवला होता, क्लबातल्या मंडळींबरोबर तिलाही. टेबलावर सहा घोडेस्वार. घोडे बरे होते. स्वारांची तोंडं त्यानं स्वतः केली होती. एकाचे दोन्ही डोळे एकाच बाजूला. एकाचं तोंड उघडं, कुणीतरी मागून हाक मारल्यासारखं. सगळ्यात कडेला सासूबाई, भुवई वर करून. ॲव्हरिलनं फोटो मोठा करून बघितला. तिचं बोट एका डोळ्यावर जाऊन थांबलं. काचेवर तिनं तो डोळा जरा वर सरकवून बघितला. सरकला नाही.

फोटोखाली एवढा वेळ कुणीच काही लिहिलं नव्हतं. ती वाट बघत राहिली. चहा निवला. मग लेनीचं आलं,

“खोगिराखालचं कापड हिरवं नसतं, गाढवा. कुठल्या सर्कशीतून आणलेस हे घोडे?”

त्याच्याखाली क्लबातल्या दुसऱ्या कुणीतरी लिहिलं, लगाम पण चुकलाय. मग तिसऱ्यानं लिहिलं. मग सेल्विनचं आलं, एकेक अक्षर शोधून टाइप केलेलं. लेनीच्या घोड्यांच्या शेपट्या झाडूसारख्या आहेत, असं काहीतरी.

ॲव्हरिलनं फोन पालथा ठेवला आणि खिडकीबाहेर बघितलं. भरती ओसरली होती. दूरपर्यंत नुसती ओली वाळू, चिखल, आणि त्यात उभे दोन-तीन पक्षी. समुद्र पार तिकडे, रेघेसारखा.

ग्लेनिस आतून ओरडली, संध्याकाळपर्यंत यायचा नाही तो, उगाच बसू नकोस.

“येऊ दे सावकाश,” ॲव्हरिल म्हणाली, आणि खुर्ची खिडकीजवळ ओढली.