नववा रकाना

तेरा ऑक्टोबरला सकाळपासून आल्दो फुसारोने बुटांना दोनदा पॉलिश केलं, तीनदा गालावरून हात फिरवून दाढी नीट झाली की नाही ते पाहिलं, आणि चष्मा डोक्यावर असताना घरभर चष्मा शोधला. वय वर्षं एकाहत्तर. पोलादाच्या कारखान्यात भट्टीच्या धगीसमोर चाळीस वर्षं उभा राहिलेला गडी, पण आज त्याने दाराची कडी दोनदा काढून परत लावली. ऑगस्टमध्ये त्याने कसाबसा धीर गोळा करून ल्युबाला लग्नाचं विचारलं होतं. तिने हातातला बटाटा सोलणं न थांबवता सांगितलं होतं, "तेरा तारखेला सांगते. भिंतीपाशी."

एवढ्यावर थांबली असती तर काही प्रश्न नव्हता. पण पुढे म्हणाली, "एमिल माणूस वाईट नव्हता रे, पण सव्वीस वर्षं खोटं बोलला. कुठे होतास विचारलं की एकदाही धड उत्तर नाही. खोटं बोलणारा एक नवरा पुरला मला. दुसरा नको."

"अगदी बरोबर आहे," असं म्हणून आल्दो घरी आला, आणि तेव्हापासून त्याची झोप उडाली होती. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय.

पिट्सबर्गमध्ये नुसतं 'भिंत' म्हटलं की एकच. बेसबॉलचं जुनं मैदान कधीच पाडलं, तिथे युनिव्हर्सिटीच्या इमारती उभ्या राहिल्या, पण मागच्या बाजूची विटांची भिंत तेवढी उरली, वेलीने झाकलेली. दरवर्षी या तारखेला म्हातारी मंडळी घडीच्या खुर्च्या घेऊन तिच्यापाशी जमतात आणि १९६० सालच्या न्यूयॉर्कविरुद्धच्या फायनलच्या शेवटच्या सामन्याचं रेडिओवरचं समालोचन पहिल्या शब्दापासून ऐकतात. टेप अशा बेताने लावायची की आपल्या मॅझेरोस्कीचा, म्हणजे सगळ्यांच्या मॅझचा, सामना जिंकून देणारा होम रन बरोब्बर तीन वाजून छत्तीस मिनिटांनी, त्या दिवशी झाला त्याच मिनिटाला, व्हावा. मध्ये आभाळ कोसळलं तरी टेप थांबवायची नाही. निकाल शेंबड्या पोरालाही पाठ आहे, तरी नऊपैकी सातव्या डावापासून सगळ्यांचे तळहात घामेजतात. वेडी माणसं आहेत झालं!

आल्दो पोचला तेव्हा ल्युबा आधीच येऊन बसली होती. मांडीवर नेहमीची काळी पिशवी, डोक्याला रुमाल, आणि डब्यात अक्रोडाचा रोल. शेजारी ड्यूई मॅगिल टेप आणि माइकच्या वायरींत गुंतला होता. ड्यूईने जन्मभर या गावात ट्राम आणि मग बस चालवली, आणि जन्मभर मागे बसलेल्यांशी वाद घातला. आता मागे कोणी बसत नाही, म्हणून तो समोरच्यांशी घालतो.

"या, नवरदेव!" ड्यूई ओरडला. "बूट काय चकाकतायत! मॅझ स्वतः बघायला येणार आहे वाटतं."

"तू वायर बघ रे. गेल्या वर्षी तुझ्यामुळे दुसरा डाव कुईकुई ऐकला आम्ही."

टेप सुरू झाली आणि तिच्याबरोबर वादही सुरू झाला. बेसबॉलच्या इतिहासातला सगळ्यात थरारक क्षण कोणता? अकरा वर्षं हाच वाद, हीच तीन माणसं, याच तीन खुर्च्या. ड्यूईला कुठलीच बाजू नाही, त्याला फक्त भांडण पेटतं ठेवायचं असतं.

"एक्कावन्न साल घ्या," तो म्हणाला. "न्यूयॉर्कचा थॉमसन. अख्खा देश रेडिओला कान लावून बसलेला."

"ती फायनलसुद्धा नव्हती," आल्दोने त्याला झटकून टाकलं.

"बरं, मग पंच्याहत्तर. बॉस्टनचा फिस्क. चेंडूला हात हलवून सांगत होता बघ, आत राहा बाबा, आत राहा!"

"आणि दुसऱ्या दिवशी हरले ते. हरणाऱ्यांचं काय कौतुक सांगतोस?"

"अठ्ठ्याऐंशीचा लंगडा गिब्सन? त्याला तर चालता येत नव्हतं."

"चालता मलाही येत नाही, माझ्यासाठी कोणी टाळ्या वाजवतं का?" ल्युबा म्हणाली. "ड्यूई, तू गप बस. क्षण एकच. याच सामन्यात, आठव्या डावातला हॅल स्मिथ."

"झालं सुरू!" आल्दोने कपाळाला हात लावला. "अगं बाई, मॅझने सामना संपवला. शेवटचा डाव, नऊ-नऊ बरोबरी, एक फटका, चेंडू भिंतीपार, आपण जगज्जेते! याहून मोठं काय असतं?"

"मॅझ बाद झाला असता तर काय झालं असतं?"

"काय म्हणजे? बाकीचे खेळले असते. दहावा डाव झाला असता."

"बघ! आणि स्मिथ बाद झाला असता तर? तीनपैकी दोघं बाद झालेले, आपण एक धाव मागे, फक्त एक डाव हातात. त्या फटक्याने तीन धावा आल्या. तो नसता तर तुझा मॅझ कोणाला आठवला असता? लग्न लावलं एकाने आणि वरातीत मिरवला दुसराच!"

लग्नाचं नाव निघताच आल्दोचे कान लाल झाले. ड्यूईने ते पाहिलं आणि रोलचा सगळ्यात जाड तुकडा उचलला.

आठवा डाव आला. न्यूयॉर्क सात, आपण चार. टेपमधल्या गर्दीचाही जीव गेल्यासारखा वाटत होता. दरवर्षी या ठिकाणी एक ठरलेला विनोद होतो, तसा या वर्षीही झाला. मागून युनिव्हर्सिटीतली एक पोरगी म्हणाली, "या वेळेला उठून घरी गेले असतील, ते किती मोठे गाढव!"

"गाढव?" ड्यूईने माइकमधूनच सांगितलं. "त्यांना गावातून तडीपार करायला हवं होतं! ट्रामला गर्दी होईल म्हणे! मी असतो तर ट्राम नदीत घातली असती!"

सगळे खो-खो हसले. आल्दो नेहमीप्रमाणे सगळ्यांत मोठ्याने हसला. अकरा वर्षं हसत होता बिचारा. ल्युबा मात्र हसली नाही. तिने त्याच्याकडे पाहिलं आणि पिशवी मांडीवर घट्ट धरली.

मग आपल्या दोन धावा आल्या, आणि सात-सहा असताना स्मिथ आला. फटका बसला, टेप गर्जून उठली, नऊ-सात. लोक नाचले. ल्युबा दरवर्षीसारखी डोळे मिटून बसली होती, आणि तिच्या तोंडावर ते हसू होतं, ज्याच्यामुळे आल्दोने ऑगस्टमध्ये धीर केला होता.

"तुला याच फटक्याचं एवढं काय गं?" त्याने हळूच विचारलं.

"आधी तू सांग. तू कुठे होतास या वेळेला?"

आल्दोने जिभेवर आलेलं नेहमीचं उत्तर, 'डावीकडे, तिसऱ्या रांगेत,' गिळून टाकलं. तो खोकला, आणि रोल घशात गेला म्हणाला.

नवव्या डावात न्यूयॉर्कने दोन धावा काढून नऊ-नऊ बरोबरी केली. आता मधल्या विश्रांतीत इथला खास सोहळा. जे त्या दिवशी खरोखर मैदानात होते, त्यांनी पुढे येऊन भिंतीला पाठ लावून उभं राहायचं. ल्युबा पहिल्यांदा आली त्या वर्षी तेवीस जण उभे राहिले होते, गेल्या वर्षी सहा. आल्दो दरवर्षी त्यांच्यात असायचा.

"या वर्षी चार जण उरलेत," ड्यूई माइकवर म्हणाला. मग त्याने टोपी काढली. "म्हणून या वेळी नुसतं उभं राहायचं नाही. प्रत्येकाने एका वाक्यात सांगायचं, चेंडू भिंतीवरून जाताना काय पाहिलं ते. घाई करा, मॅझ काही थांबायचा नाही. आल्दो, तू पहिला!"

आल्दो उठला. भिंतीपर्यंत वीस पावलं होती, आणि ती कशी पडली ते त्यालाच कळलं नाही. वाक्य तयार होतं. पंचावन्न वर्षं घासूनपुसून लख्ख केलेलं. 'चेंडू माझ्या डोक्यावरून गेला आणि न्यूयॉर्कचा खेळाडू पाठ फिरवून नुसता बघत राहिला.' म्हटलं की टाळ्या, आणि मग ल्युबाचा होकार. कोणाच्या बापाला कळणार होतं?

त्याने ल्युबाकडे पाहिलं. ती पुढे वाकून बसली होती. हिच्याशी खोटं बोलून हिला घरी न्यायचं, आणि रोज सकाळी हिच्या हातची कॉफी प्यायची? त्याला ते जमेना. पार नकोसं झालं.

"मी काहीही पाहिलं नाही," आल्दो म्हणाला.

"अरे, माइक तोंडाजवळ धर!" कोणीतरी ओरडलं.

"मी काहीही पाहिलं नाही!" या वेळी ते रस्त्यापलीकडेही ऐकू गेलं असेल. "मी तो गाढव आहे! सोळा वर्षांचा होतो. बाबांनी रात्रभर रांगेत उभं राहून दोन तिकिटं काढली होती. सात-चार झालं तेव्हा म्हणाले, चल, ट्रामला गर्दी होईल. आम्ही उठलो. बाबा ट्रामकडे गेले, मी मागे रेंगाळलो. कोपऱ्यावरच्या बेकरीत रेडिओ चालू होता, तिथे घुसलो. सामन्याच्या धावा लिहायचं गुणपत्रक हातात होतं, उभ्या-उभ्या ऐकून भरत होतो. स्मिथने फटका मारला आणि मी काउंटरमागच्या पोरीला उचलून गरगर फिरवलं! नखशिखांत पिठाने माखलेली होती ती. मग तसाच पांढराफटक मैदानाकडे पळत सुटलो. दारवान म्हणाला, बाहेर गेलास ना, आता बाहेरच राहा. मी त्याच्या पाया पडत होतो, तेवढ्यात आतून—"

"शू! मॅझ आला!" चार-पाच जण एकदम म्हणाले.

"थांबा, बोलू द्या! घरी जाऊन बघतो तर बाबा सगळ्या गल्लीला सांगतायत, आम्ही होतो, आम्ही पाहिलं. लाज वाटली होती त्यांना. मी त्यांना उघडं कसं पाडणार? ते गेले, आणि मीच ते—"

"आल्दो, शूऽऽ!"

पहिला चेंडू गेला. दुसरा आला, आणि फटक्याचा आवाज झाला. तीन छत्तीस. टेपमधली गर्दी फुटली, भिंतीपाशी बसलेली गर्दी फुटली, टोप्या उडाल्या, ती गाढववाली पोरगी कोणा अनोळखी म्हाताऱ्याच्या गळ्यात पडली. कोणाच्या गावीही नव्हतं की इथे एका माणसाने आत्ताच आपल्या अब्रूचं खोबरं करून घेतलंय. आणि गंमत म्हणजे आल्दोही माइक हातात धरून उड्या मारत होता. पाठीशी खरी भिंत, डोक्यात काही लपवायचं नाही. हा फटका त्याने इतक्या निर्मळ मनाने आजवर कधी ऐकलाच नव्हता.

गलका ओसरला तशा त्याच्या उड्याही थांबल्या. तो खाली मान घालून खुर्चीपाशी आला.

"ऐकलंस ना," तो म्हणाला. "आता नाही म्हण आणि मोकळी हो."

ल्युबाने पिशवी उघडली. बेकरीत देतात तसल्या मेणकागदात काहीतरी गुंडाळलेलं होतं. तिने ते त्याच्या मांडीवर ठेवलं. जुनं पिवळं पडलेलं गुणपत्रक. वर शाळकरी अक्षरात 'आल्दो फुसारो'. आठ रकाने पेन्सिलीने भरलेले, आठव्यात स्मिथच्या नावापुढे कागद फाटेस्तोवर गिरवलेलं, आणि नववा रकाना कोरा. घड्यांमध्ये अजून पीठ होतं.

आल्दोने पत्रकाकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, परत पत्रकाकडे पाहिलं. "ती... ती पोरगी..."

"काउंटरवर टाकून पळालास. मला वाटलं, घ्यायला येशील. आला नाहीस. माझ्या बापाने मात्र तुझ्यापायी चार दिवस मला मागच्या भट्टीपाशी बसवलं." ती हसत होती, पण डोळे पुसतही होती. "एमिल गेल्यावर इथे आले ते हे परत द्यायला. तर तू भिंतीला पाठ लावून उभा! छाती फुगवून! म्हटलं, याला आत्ता हे दिलं तर बिचारा चारचौघांत तोंडावर आपटेल. मग दर वर्षी पिशवीत घालून आणायची आणि परत न्यायची."

"अकरा वर्षं? अगं, एकदा बोलायचं तरी!"

"तू बोलायचं होतंस. मी वाट पाहत होते."

ड्यूई एव्हाना माइक घ्यायला येऊन मागे उभा होता, आणि त्याचं तोंड उघडंच राहिलं होतं. "म्हणजे तू त्या दिवशी ट्राममध्ये..."

"मी नाही, माझे बाबा होते."

"कुठल्या नंबरची ट्राम?"

"ड्यूई, जा रे तू," ल्युबा म्हणाली. मग तिने रुमालाच्या गाठीतून पेन्सिलीचा एक तुकडा काढून आल्दोच्या हातात दिला. "नववा भर."

"पण मी पाहिलं नाही गं."

"आठवा तरी कुठे पाहिला होतास? माझ्या बापाच्या रेडिओवर ऐकून भरलास. हाही आत्ता माझ्या समोर ऐकलास की."

आल्दोने पत्रक मांडीवर सपाट केलं. त्याने मॅझेरोस्कीच्या चौकटीत होम रनच्या चारही रेघा ओढल्या, खाली दहा-नऊ लिहिलं, आणि पेन्सील परत केली.

"आता सांग," ती म्हणाली. "सगळ्यात मोठा क्षण कोणता?"

"स्मिथ," आल्दो म्हणाला. "आठवा डाव. त्यात काही वादच नाही."

"काय?" ड्यूई खवळला. "अकरा वर्षं माझं डोकं खाल्लंस मॅझ मॅझ करून, आणि आता वादच नाही? मग पुढच्या वर्षी मी भांडू कोणाशी?"

"आमच्या दोघांशी," ल्युबा म्हणाली, आणि तिने डब्यातला शेवटचा तुकडा मोडून त्यातला मोठा भाग आल्दोच्या हातावर ठेवला.